वर्गाच्या खिडकीत उभी असायची आई

आई जाऊन महिना झाला. आज मी आणि बायको मुलीसाठी अमरावतीतली एक खाजगी शाळा पाहून आलो. वर्ग स्वच्छ, शिक्षिका प्रेमळ. फक्त, पालकांनी गेटच्या आत यायचं नाही.

मला नांदगावची माझी झेडपीची शाळा आठवली. बाजारातून परतताना आई वर्गाच्या खिडकीत थांबायची. गुरुजी म्हणायचे, "काकू, तुमचा पोट्टा पाढे म्हणून राहिला, ऐकून जा." तेराच्या पाढ्यात मी अडखळलो की आई बाहेरून डोळे वटारायची.

परतताना बायको म्हणाली, "आई असत्या न, तर वॉचमनले बाजूले करून आत गेल्या असत्या!" दोघंही हसलो.

प्रवेश घ्यायचा की नाही, ते उद्या शाळेला कळवायचं आहे. तुमच्या मुलांच्या शाळेत घरचं माणूस असं खिडकीत उभं राहू शकतं का?