चिनहटच्या पलीकडचं देवधान

नागपूरहून गाडी निघाली तेव्हा ऑक्टोबर सरत आला होता आणि भंडाऱ्याला आमच्या बांध्यांतलं (भातखाचरांतलं) धान पिवळं पडू लागलं होतं. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून माझी मुलगी प्रज्ञा मला लखनौला बोलावत होती. तिथल्या एका संशोधन संस्थेत ती रानटी धानाच्या जनुकांवर काम करते. रानटी धानात एवढं काय बघायचं, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. विचारायला थोडी लाजच वाटायची.

सकाळी धुक्यात गंगेचा पूल ओलांडला. लखनौच्या चारबाग स्टेशनावर नातीने पिशवी हातातून घेत विचारलं, “नानी, थक गई?” तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच येतं. छावणीतल्या शांत रस्त्यांवरून घरी पोचलो. प्रज्ञा काळजीत दिसली. लखनौबाहेरच्या चिनहटच्या पुढे एका गावाच्या कडेला ताल (तळं) आहे. तिथल्या रानटी धानाच्या पानांत तिला असं काही सापडलं होतं, जे दुसऱ्या कुठल्याच तळ्यात नव्हतं. पण बी मिळाल्याशिवाय काम पुढे सरकणार नव्हतं. गेल्या वर्षी ती पोचेपर्यंत दाणे गळून गेले होते. आणि आता प्लॉट पाडण्यासाठी ते तळंच बुजवायला काढलं होतं.

“मी येते सोबत,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चिनहटला खस्ता (कुरकुरीत कचोरी) आणि बटाट्याची सब्जी खाऊन आम्ही निघालो. कारखाने मागे पडले आणि तळं दिसलं. एका बाजूला मातीचे ढीग, दोन ट्रॅक्टर. उरलेल्या पाण्यात कमरेएवढं गवत. मला ते गवतच वाटलं. जवळ गेल्यावर लांब तुसांच्या लोंब्या दिसल्या.

प्रज्ञाने एका लोंबीवर कागदी पिशवी चढवायला हात लावला. दाणे टपटप पाण्यात पडले. दुसरी, तिसरी, तेच. तिचा चेहरा उतरला.

काठावर शिवकली नावाची एक बाई हे बघत होती. गेल्या वर्षीपासून ती प्रज्ञाला ओळखत होती. दाणे गळू नयेत म्हणून ते हिरवे असतानाच तिने घरासाठी काही झुबके एकत्र बांधून ठेवले होते. ती या धानाला तिन्नी म्हणत होती. आमच्याकडे यालाच देवधान म्हणतात. हे शेतात का लावत नाही, असं मी विचारलं.

“बहिनी, जौन कोऊ बोवत नाहीं, वहै बरत मा खावा जात है,” ती म्हणाली. (जे कोणी पेरत नाही, तेच उपासाला चालतं.) तळं बुजल्यावर काय करणार, हे मी विचारलं तेव्हा तिने ट्रॅक्टरकडे बघितलं. मग म्हणाली, अर्धे झुबके बिटियाला घेऊन जाऊ दे.

मी पाण्यात उतरले आणि माझी छत्री उघडून उलटी धरली. प्रज्ञा झुबका सोडवून छत्रीत झटकायची, मी पुढे सरकायची. छत्रीचा तळ काळ्या दाण्यांनी भरत चालला होता, तेवढ्यात माझा पाय खड्ड्यात गेला. मी छातीपर्यंत चिखलात. छत्री तेवढी वर राहिली. प्रज्ञाने आधी छत्रीत डोकावलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही तिघी हसत सुटलो.

शिवकलीच्या ओसरीवर तिचीच साडी नेसून बसले असताना प्रज्ञाने एक दाणा माझ्या तळहातावर ठेवला.

“आई, देठाला दाणा जिथे जुळलेला असतो तिथे एक पातळ थर असतो. दाणा पिकला की तो थर तुटतो आणि दाणा गळतो. आपल्या धानात तो नीट बनतच नाही. मुख्यतः एका जनुकातल्या एका अक्षराचा फरक.”

“एका अक्षराचा? मग हे केलं कोणी?”

“ठरवून कोणीच नाही. गळलेलं चिखलात राहिलं, चिकटून राहिलेलं बायांनी घरी आणलं. पुढच्या वर्षी तेच पेरलं गेलं. असं हजारो वर्षं.”

मी तळहातावरचा दाणा उलटा करून बघितला. जन्मभर ज्यावर जगले, ते धान माझ्यासारख्याच, नाव नसलेल्या बायांच्या विळ्याखाली घडलं होतं, आणि त्यांनाही ते माहीत नव्हतं.

मी निघाले त्या आठवड्यात शिवकलीच्या तळ्यात पाणी उरलं नव्हतं. बी मात्र संस्थेच्या थंड खोलीत पोचलं होतं. ते लगेच उगवत नाही, काही दाणे वर्षानुवर्षं झोपून राहतात, असं प्रज्ञाने स्टेशनवर सांगितलं.

घरी आले तर कापणी सुरू झालेली. बांधीत उतरून मी एक पिकली लोंबी मुठीत धरली आणि जोरात हलवली. एकही दाणा सुटला नाही. त्या लोंबीला आता स्वतःचं बी टाकणंही जमत नव्हतं. माणूस येईपर्यंत तिला उभंच राहायचं होतं. एवढा भरवसा कोणी आपल्यावर टाकलेला असतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. शेजारी कापणी करणाऱ्या माझ्या वहिनीने विळा पुढे केला. मी पदर खोचला आणि वाकले.