किल्ल्यांची ओळ

हे मी बाबांना सांगितलेलं नाही. जिला सगळं सांगते त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझ्या तोंडावर काही बोलू शकणार नाही — बघा, सुरुवातच भेकडपणाने झाली.

माझं बालपण पत्रकांच्या गठ्ठ्यांत गेलं. नागपूरच्या आमच्या पुढच्या खोलीत युद्धाविरुद्धची पत्रकं रचलेली असायची. अक्षरं गिरवायच्या आधी मी पत्रकाची घडी घालायला शिकले. बाबांचा एकच नियम होता — ज्याच्याविरुद्ध लिहिलंय त्याच्या हातात देता येत नसेल, तर ते छापू नये. कॉलेजात हा नियम मी किती जणांना ऐकवला असेल! मूठ आवळून, मान ताठ करून.

मग शिकायला इथे आले, शिकागोजवळ नेपरव्हिलला. परदेशी विद्यार्थ्यांना इथली काही कुटुंबं सणावाराला घरी बोलावतात. माझ्या वाट्याला डोना आणि रे आले, साठी ओलांडलेलं जोडपं. त्यांचा एकुलता एक मुलगा टायलर इराकच्या युद्धात मारला गेला होता. माझं जॅकेट पहिल्याच बर्फात हरलं, तेव्हा डोनाने कपाटातून टायलरचा कोट काढला. बाह्या लांब होत्या. तिने त्या दुमडून टाके घातले. अख्खा हिवाळा मी त्या कोटात काढला.

कोटाचं आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे मी जो लेख लिहिला त्यात कोट नाही.

मेच्या शेवटच्या सोमवारी इथे युद्धात मेलेल्या सैनिकांचा स्मृतिदिन असतो. सकाळी परेड. शाळेचा बँड, उघड्या मोटारीतून हात हलवणारे म्हातारे सैनिक, मागोमाग पोरांवर चॉकलेटं उधळणारे दुकानदार. फोनवर मेसेज — स्मृतिदिनानिमित्त गाद्यांवर घसघशीत सूट. मेलेल्या पोरांच्या नावाने गाद्या! त्याच युद्धात मेलेल्या इराकी लोकांचा कुठे उच्चारही नाही. मला शिसारी आली. आजही येते. ती शिसारी खरी होती, ती मी मागे घेत नाही. पण खऱ्या शिसारीने माणूस खोटं लिहीत नाही, असं थोडंच आहे?

दुपारी डोनाच्या अंगणात जेवण होतं. एक घडीची खुर्ची रिकामी होती आणि तिच्या हाताजवळच्या खाचेत रूट बिअर नावाच्या कोल्ड्रिंकचा उघडलेला कॅन. मी तिथे टेकणार, तेवढ्यात ग्रिलजवळून रे ओरडला, ''तिथे नको गं, त्या खुर्चीचा मालक फार तापट आहे!'' सगळे हसले. डोनाही हसली. संध्याकाळी रेने तो कॅन गवतावर ओतला, हळूहळू, झाडाला पाणी घालावं तसा.

भांडी विसळताना डोनाने मला एक गोष्ट सांगितली. टायलर सैन्यात नाव नोंदवायला निघाला त्या सकाळी तिने गाडीच्या किल्ल्या पिठाच्या डब्यात लपवल्या होत्या. ''त्याने शोधून पाहिल्या, मग माझे पिठाने पांढरे झालेले हात पाहिले आणि हसला,'' ती म्हणाली. ''आणि चालत गेला.''

मी तिला मिठी मारली. बटाट्याचं सॅलड डब्यात भरून घरी आणलं. ते खात खात लेख लिहिला.

आता इथे थांबावंसं वाटतंय. गाद्यांबद्दल अजून चार वाक्यं लिहावीशी वाटतायत — तीच सवय!

एका मराठी वेब-अंकात तो लेख आला, सोबत मी काढलेला रिकाम्या खुर्चीचा फोटो. त्यात असं वाक्य आहे: ''पोराला युद्धावर धाडताना जिने टाळ्या वाजवल्या, ती आई आता खुर्चीला कोल्ड्रिंक पाजते.'' टाळ्या. कोणी वाजवल्या? कोणीही नाही. पण किल्ल्या लपवणारी आई माझ्या लेखात बसेना. मला युद्धखोर देश हवा होता, आणि देशाला एक चेहरा हवा होता. समोर डोनाचा होता. लोकांनी लेख डोक्यावर घेतला. बाबांचा मेसेज आला — ''शाब्बास पोरी! सुरी आहे सुरी!''

डोनाला तो फोटो माझ्या सोशल मीडियाच्या पानावर दिसला. तिने मला जेवायला बोलावलं आणि लाजत विचारलं, ''हनी, आमच्याबद्दल लिहिलंस? वाचून दाखव ना.'' फोनवर आपोआप भाषांतर करता येतं, हे तिला ठाऊक होतं. तीच म्हणाली, ''मशीनकडून नको. तुझ्या तोंडून ऐकायचंय.''

ज्याच्याविरुद्ध लिहिलंय त्याच्या हातात देता आलं पाहिजे. दिलं की! लेख तिच्यासमोर धरला आणि त्यावरून नजर फिरवत, ओळ संपली की डोळे खाली आणत, त्यात नसलेलंच इंग्रजीत वाचत गेले. कोट वाचला. टाके वाचले. पिठाचा डबा वाचला. जे खरं लिहायला हवं होतं ते सगळं मला पाठ होतं — मग लिहिताना कुठे गेलं होतं? डोना रडायला लागली. ''तू किल्ल्या लिहिल्यास,'' ती म्हणाली, ''लोकांना वाटतं मीच त्याला पाठवलं.''

तिने तो लेख छापून घेतला, फ्रेम केला आणि दिवाणखान्यात टायलरच्या फोटोशेजारी लावला. मी पाहिला. ''सुंदर दिसतोय,'' म्हणाले.

या वर्षी परीक्षेचं कारण सांगून मी स्मृतिदिनाला गेले नाही. परीक्षा संपल्या होत्या. दुसऱ्या दिवशी डोनाचा फोन आला, आनंदात. समोरच्या घरात पुण्याचं एक कुटुंब राहायला आलंय. त्यांच्याकडच्या शैलाकाकूंना तिने जेवायला बोलावलं होतं. काकू फ्रेमपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. डोनाने विचारलं, ''यात किल्ल्या कुठे आहेत, दाखवता?'' काकूंनी तिचा हात धरला, काचेवरच्या एका ओळीवर तिचं बोट टेकवलं आणि म्हणाल्या, ''इथे.''

काकू मला ओळखतही नाहीत. माझं खोटं त्यांना बोलावं लागलं. आणि हे ऐकून मला सर्वांत आधी काय वाटलं असेल? हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला जेवढी किळस आली, तेवढी त्या गाद्यांची कधीच आली नव्हती.

हेही मी मराठीतच लिहिलंय.

''आता मला जागा माहीत झाली,'' डोना फोनवर सांगत होती, ''येता-जाता बोट लावते.'' ती ओळ कोणती, हे मी तिला विचारलं नाही.