बुसैतीनला तात्या वकिलांच्या लेकीकडे

मी बहरीनला सोनं घ्यायला निघाले नव्हते, हे सासरी कुणाला पटेना. नव्वदचं दशक होतं. धाकटा भाऊ सुहास अस्करजवळच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात होता, त्यानेच व्हिसा काढला. मला आमच्या आजोबांचा एक निरोप पोचवायचा होता.

आमच्या गावचे तात्या वकील नेमस्त पुढारी. कायदेमंडळावर निवडून गेले आणि सरकारकडे वर्षानुवर्षं अर्ज करकरून त्यांनी खाडीवर धक्का बांधून घेतला. तोवर असहकाराचे दिवस आले. सरकारपुढे हात पसरून आणलेला धक्का नको, म्हणून गावाने त्यावर बहिष्कार टाकला. तो पुकारला आमच्या आजोबांनी. पुढच्या निवडणुकीत तात्या पडले ते कायमचेच. "त्यांची माफी मागायची राहिली गं," आजोबा शेवटपर्यंत म्हणत. तात्यांची लेक बहरीनलाच, बुसैतीनमध्ये मुलाकडे असते हे सुहासकडून कळलं आणि मी तिकीट काढलं.

शुक्रवारी तिथे सुट्टी, रस्ते मोकळे. सुहासबरोबर निघाले, मनामावरून पूल ओलांडून पाऊण तास लागला. टॅक्सीने जाणार असाल तर भाडं आधीच ठरवा. ड्रायव्हर 'इंशाल्ला' म्हणाला म्हणजे ठरलं असं समजू नका. वाटेत गरम खबूस, म्हणजे तिथली रोटी, नुसतीच खाल्ली. दोन संपवल्या.

दार तात्यांच्या लेकीच्या नातीने उघडलं. "आजी, दे आर हिअर!"

आजी ऐंशीच्या पुढच्या, पण ताठ. सुहास त्यांच्या मुलाबरोबर बाहेर गाडी बघत थांबला. आजींनी घावन वाढलं. मी धक्क्याचा विषय काढला.

"तात्यासुद्धा होडीतून चिखलातच उतरायचे," त्या म्हणाल्या. "धोतर वर खोचून, जोडे हातात. म्हणायचे, गाव उतरत नाही तिथे मी एकटा कसा उतरू?"

मी खाली बघून घावनाचे तुकडे करत राहिले.

"माहेरचं आडनाव काय गं तुझं?" आजींनी विचारलं.

मी भलतंच आडनाव सांगितलं. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

"बरं," म्हणाल्या आणि आणखी एक घावन वाढलं.

विमानतळावर रांगेत सुहास म्हणाला, "ताई, आजोबांचं नाव ऐकून काय म्हणाल्या गं? फोनवर मी सांगितलं होतं, त्यांची नात येतेय म्हणून." तिथूनच आजींना फोन करावा असं वाटलं. पण विमानाची वेळ झाली होती.

घरी आल्यावर आयएसडी बूथवरून फोन लावला आणि खरं आडनाव सांगितलं.

"माहीत आहे," आजी म्हणाल्या. "तुला बोलणं सोपं जावं म्हणून तर विचारत होते."

मग मी आजोबांचा निरोप सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. पाया पडून सांगायचा तो निरोप मी बूथच्या काचेकडे बघत सांगितला, याची लाज मला आजही वाटते.