अकरा वर्षांचा बेत

शिवाजीनगरात राहणारे कारकून त्रिविक्रमराव अकरा वर्षं एकाच प्रवासाचा बेत आखत होते. बोटीच्या डेकवरून पोर्ट सैद, पुढे सायप्रस, बैरूत आणि सगळं स्वस्तात. बायकोला, अनुसूयाला, त्यांची ती मेली वही डोळ्यांसमोर नकोशी झाली होती. १९५८ साली एका सकाळी तिने ती उघडली. तिकीट एकच होतं. जेवणापुढे लिहिलं होतं, ‘खर्च नाही. महिनाभराचा चिवडा, चटणीपूड, दशम्या घरून.’

“आणि मी?” तिने विचारलं.

“तुला नेलं तर स्वस्तात कसलं भागतंय?” ते वर न बघताच म्हणाले.

“बरं,” अनुसूया म्हणाली. तिने एकटीपुरताच भात लावला आणि जेवायच्या वेळी त्यांच्या पानात ती वही वाढली.