सगळ्यांच्या वतीने

दिगंबर खांबेटे आमच्या सोसायटीचे सचिव होते. एकोणीस वर्षं. दर निवडणुकीला ते म्हणायचे, "आता दुसरं कोणीतरी बघा," आणि दर वेळी आम्ही बाकीचे बुटांकडे बघत बसायचो. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, पत्नी गेलेल्या, मुलगी बंगळूरला. पहिल्या मजल्यावर एकटे राहायचे. पाण्याच्या टाकीपासून जिन्यातल्या दिव्यापर्यंत सगळं त्यांच्या नजरेखाली. माझ्यासारख्या नोकरी करणाऱ्या बाईला असा शेजारी म्हणजे मोठीच सोय होती.

त्यांचा एकच हट्ट. कोणाकडून काही घ्यायचं नाही. मी एकदा गुळाच्या पोळ्या घेऊन गेले होते. दार अर्धं उघडून म्हणाले, "नम्रताताई, उत्तम दिसतायत. घरी न्या, गार होतील." मी त्या पोळ्या घेऊन तशीच वर आले. मला राग आला नाही. पुण्यात अशी माणसं असतात, आणि खरं सांगायचं तर आपण त्यांना मानतो.

या हट्टामागची गोष्ट ते दर जुलैला सांगायचे. एकसष्ट साली पानशेत धरण फुटलं तेव्हा ते आठ वर्षांचे होते. नारायण पेठेतलं त्यांचं भाड्याचं घर चिखलाने भरलं आणि सगळं कुटुंब एका शाळेच्या वर्गात जाऊन राहिलं. शाळेच्या पटांगणात पुरी-भाजीचं वाटप सुरू झालं. छोटा दिगंबर धावत जाऊन रांगेत उभा राहिला. वडिलांनी येऊन त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. वडील स्वतः लहानपणी वार लावून जेवलेले, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असं सात दारांत ताट मांडून शिकलेले. ते एवढंच म्हणाले, "माझ्यापाशी ही रांग संपली. आपल्यापेक्षा गरजू लोक आहेत." दोन दिवस त्या घराने चणे-फुटाणे खाऊन काढले. गोष्ट संपली की खांबेटेकाका चष्मा पुसायचे. ऐकणारे आम्हीसुद्धा जरा ताठ बसायचो.

आमची इमारत सिंहगड रस्त्यालगत, नदीच्या बाजूला. दोन हजार चोवीसच्या जुलैत, एका गुरुवारी पहाटे, वर खडकवासला धरणातून पाणी सोडलेलं आणि इकडे पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. उजाडताना पाणी फाटकात होतं. आठ वाजेपर्यंत पार्किंगमधल्या गाड्यांची टपं दिसेनाशी झाली.

तळमजल्यावर पार्किंगच्या मागे एकच सदनिका होती. तिथे ठवकर राहायचे. तेजस ठवकर एका आयटी कंपनीत, त्याची बायको श्रद्धा, त्यांची नऊ महिन्यांची मुलगी आणि महिन्यापूर्वीच भंडाऱ्याकडच्या गावाहून आलेली तेजसची आई, मुक्ताई. भाडेकरू, येऊन वर्षही झालं नव्हतं. तेजस त्या आठवड्यात कामासाठी हैदराबादला होता.

त्या सकाळी खांबेटेकाकांनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पाणी कमरेएवढं असतानाच एकाहत्तर वर्षांचा माणूस त्यात उतरला, मुक्ताईंना हाताला धरून जिन्यापर्यंत आणलं, मग परत जाऊन श्रद्धाच्या हातातून बाळ घेतलं. तिघींना तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये नेलं. त्याचे मालक परदेशात, किल्ली काकांकडे असायची. स्वतःच्या कपाटातल्या चादरी त्यांनी वर नेऊन दिल्या. हे सांगायलाच हवं, कारण पुढचं ऐकून माणूस वाईट होता असं कोणालाही वाटेल.

त्या फ्लॅटमध्ये शेगडी नव्हती. भांडं नव्हतं. मी गुरुवारी सकाळी चहा आणि एक ताटली पोहे दिले, आणि माझं कर्तव्य संपलं असं मला वाटलं. दुपारी कोणीतरी देत असेल. वरचे अभ्यंकर देत असतील. अभ्यंकरांना वाटलं, मी देत असेन. वीज नव्हती, फोन बंद पडले होते. आपल्याकडे दुसऱ्याच्या दारात न सांगता जायची पद्धत नाही. बाळ झोपलं असेल, त्यांना निवांतपणा हवा असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि माझ्या घरी वरण-भाताचा कुकर लावला.

शुक्रवारी सकाळी पाणी ओसरलं. घोट्याएवढा चिखल उरला. दहाच्या सुमाराला फाटकाशी एक टेम्पो थांबला. धायरीहून आलेला. तिथल्या गावकऱ्यांनी देवळाच्या सभामंडपात आदल्या दुपारपासून चुली मांडल्या होत्या. टेम्पोत पिठलं-भाकरी, खिचडीची पातेली, दुधाच्या पिशव्या, पिण्याच्या पाण्याचे मोठे जार. आणणाऱ्याचं नाव रविराज. तिशीतला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

मी माझ्या गॅलरीत उभी होते. काका फाटकाशी गेले.

"काका, किती घरं हायेत? किती माणसं?" रविराजने विचारलं.

"आमच्याकडे कोणालाही गरज नाही," काका म्हणाले. "सगळे आपापल्या घरी सुखरूप आहेत. पुढे वस्ती आहे, तिथे द्या."

"तिकडं दुसरी गाडी गेलीय. हे तुमच्यासाठीच हाय. आमच्या आईनं सांगितलंय, भरलेलं पातेलं माघारी आणू नको."

"तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. पण ही सोसायटी रांगेत उभी राहणारी नाही."

"रांग कशाला? मी वर आणून देतो की."

"मी सगळ्यांच्या वतीने सांगतोय. आभारी आहे."

रविराज थोडा वेळ वर बघत राहिला. एकेका गॅलरीकडे. मग टेम्पो वळवून गेला.

मला ते बोलणं आवडलं. हे मी लपवणार नाही. आपल्या माणसाने आपला मान राखला असं वाटून मी आत वळले, तेव्हा माझ्या उघड्या दारातून जिना दिसला. श्रद्धा अर्धा जिना उतरून उभी होती. तिच्या हातात प्लास्टिकची बाटली, बाळाची, रिकामी. ती कठड्याला धरून खालचं ऐकत होती. मग ती वळली आणि परत वर गेली. मी तिला हाक मारली नाही. आत जाऊन मी काय केलं तेही आठवतं. भाजी चिरायला घेतली.

संध्याकाळी वीज आली. कोणीतरी पंप सुरू केला. खालच्या टाकीत नदीचं पाणी शिरलेलं होतं, ते वर चढलं. काकांच्या लक्षात येताच त्यांनी फलकावर चिठ्ठी लावली: 'पाणी उकळून प्यावे. सचिव.' आम्ही सगळ्यांनी उकळलं. ज्यांच्याकडे उकळायला काहीच नव्हतं, त्यांनी वाट बघितली आणि मग तसंच प्यायलं. श्रद्धाच्या अंगावरचं दूध दोन दिवसांत आटत आलं होतं. बाळाला तेच पाणी पाजलं गेलं.

शनिवारी बाळाला जुलाब सुरू झाले. तेजस मिळेल ती बस पकडून रविवारी सकाळी पोचला, तेव्हा मुलगी मान धरत नव्हती. दवाखान्यात पाच दिवस सलाइन लागलं. ती वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा दिवस गेला असता तर सांगता आलं नसतं.

काकांना हे सोमवारी कळलं. ते माझ्याकडे आले, पहिल्यांदाच न बोलावता. "दवाखान्यात जायचंय. तुम्ही येता का?"

मुक्ताई बाहेर बाकावर बसल्या होत्या. काकांनी हात जोडले. मग ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात थोडी तक्रारही होती, "अहो, एकाच जिन्यात मी राहतो. मला सांगायचं होतं ना!"

मुक्ताईंनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "तुमी मोठे मानूस," त्या म्हणाल्या. "तुमीच त्या पोराले सांगतलं का कोनालेच गरज नाही. मंग आमी कसं म्हनाव का आमाले हाये?"

काकांचे जोडलेले हात खाली आले.

"आमच्या गावाले वैनगंगेचं पानी आलं का शाळेत एकच चूल पेटते. सगळ्या गावाची. ज्याचं घर बुडलं त्याचं बी अन् ज्याचं नाही बुडलं त्याचं बी ताट तिथंच. कोनाले इचारत नाही. इचारलं का मानूस नाहीच म्हनते." त्यांनी पदर सावरला. "इथं सगळ्यायच्या घरी येगयेगळ्या शिट्ट्या वाजत होत्या. आमी आयकत होतो."

कुकरच्या शिट्ट्या. त्यातली एक माझी होती.

परतताना रिक्षात काका अचानक म्हणाले, "माझा धाकटा भाऊ तेव्हा तीन महिन्यांचा होता. पानशेतच्या वेळी."

मला आधी कळेना.

"आई त्याला पाजत होती. दोन दिवस आम्ही चणे खाल्ले. वडिलांनी आणि आम्ही तिघा भावंडांनी. आईने काय खाल्लं ते मला आठवत नाही. त्रेसष्ट वर्षं मी ही गोष्ट सांगतोय आणि तिला एकदाही विचारलं नाही." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "भाऊ पुढच्या पावसाळ्याआधी गेला. घरात म्हणायचे, अशक्तच होता."

तेव्हा मी त्यांना सांगितलं. जिन्याचं, बाटलीचं, भाजी चिरायला घेतल्याचं. वाटलं, त्यांचं ओझं थोडं कमी होईल. ते म्हणाले, "म्हणजे मला निदान माहीत नव्हतं." ते बोलणं मला लागलं. त्यात खोटं काही नव्हतं म्हणून जास्तच लागलं.

ठवकर महिन्याभरात घर सोडून वाघोलीला गेले. सामान फारसं उरलंच नव्हतं.

गणपतीनंतर सभा झाली. काकांनी राजीनामा दिला, आणि देण्याआधी एक ठराव मांडला: पुन्हा पाणी आलं तर गच्चीवर एकच चूल, सगळ्यांचं जेवण एकत्र, कोणालाही विचारायचं नाही. बराच वेळ चर्चा झाली. कोणाला कांदा-लसूण चालत नव्हता, कोणाला मधुमेह होता. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर आगीचा काय परिणाम होईल असंही एकाने विचारलं. शेवटी 'योग्य वेळी विचार करू' असं ठरलं. काका हसले. तसं हसताना मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते धायरीला गेले. रविराजची आई, तुळजाबाई, यांना भेटायला. मला नंतर म्हणाले, "दारात गेलो तर आधी ताट वाढलं. मग विचारलं, कोण तुम्ही." ते जेवले. तीन भाकरी खाल्ल्या. "बाईंना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'रविराजनं ऐकायला नको होतं तुमचं. मी त्याला लई बोलले.' चूक माझी, आणि बोलणी त्या मुलाने खाल्ली."

डिसेंबरात आम्ही दोघं वाघोलीला गेलो. आधी फोन केला होता. तेजस म्हणाला, "या की," पण त्या दिवशी तो घरी नव्हता. दार श्रद्धाने उघडलं. मुलगी भिंतीला धरून चालत होती, आम्हाला बघून बसली.

काका खुर्चीच्या कडेवर बसले. त्यांनी वाक्य तयार करून आणलं असावं. "श्रद्धा, मी तुमच्या वतीने 'नको' म्हणालो. तो अधिकार मला कोणी दिला नव्हता. त्याची माफी मागायला आलोय."

ती म्हणाली, "काका, मी तुम्हाला सांगायलाच उतरले होते त्या दिवशी. पण तुम्ही इतक्या अभिमानाने बोलून राहिले होते, मला वाटलं आपणच काही कमी आहोत. पुण्यात असंच राहायचं असते, असं वाटलं. घरी आईंनासुद्धा तेच समजावलं मी."

"मी तुला पाहिलं होतं," मी म्हणाले. "जिन्यात. बाटली घेऊन."

"माहीत आहे ताई," ती म्हणाली. "तुमची सावली पडली होती दारात. मी थोडी थांबले होते."

पाच महिने मी धरून चालले होते, की तिने मला पाहिलं नाही. तिने पाहिलं होतं, आणि माझ्या हाकेसाठी थांबली होती.

तिने चहा केला. आम्ही प्यायलो. काकांनी मुलीसाठी लाकडी गाडी आणली होती, ती श्रद्धाने घेतली, थँक यू म्हणाली. रागावली नव्हती. मोकळीही झाली नव्हती. निघताना काकांनी विचारलं, "पुन्हा आलो तर चालेल?"

श्रद्धाने मुलीला कडेवर घेतलं. "तेजसला विचारून सांगते," ती म्हणाली.

बसस्टॉपवर बराच वेळ उभे राहिलो. एक बस भरलेली म्हणून सोडली. काकांचे पाय दुखत होते, पण कठड्यावर बसायला तयार नव्हते. मी म्हटलं, निदान भेटून आलो. ते म्हणाले, "भेटलो आपण. त्यांनी भेटू दिलं, एवढंच."

तिचा फोन आला नाही. आम्हीही पुन्हा विचारलं नाही.