साहेब येणार म्हणून

सरकारी इस्पितळातली माणसं कामं करत नाहीत, असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, पण वॉर्डबॉय म्हणून उभा जन्म तिथे काढलाय. केस पिकले तरी हुद्दा ‘बॉय’च. पेशंटपासून डॉक्टरपर्यंत सगळे मात्र ‘मामा’ म्हणायचे. तेव्हा मामाचं ऐका.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. भरती बंद होती. रिटायर झालेल्याच्या जागी कोणी येत नसे, तिघांचं काम एकावर. तेही आम्ही ओढत होतो. अशात वरून निरोप आला, मोठे साहेब येणार, कर्मचारी किती काम करतात ते बघायला. झालं. ते यायच्या दिवशी सकाळपासून कामच बंद.

आम्ही वॉर्डबॉय कुंड्यांना गेरू लावतोय, मावश्या जिना घासतायत, ड्रेसिंगवाला पडद्याचं कापड आणायला उल्हासनगर कॅम्पात सिंधी शेठच्या दुकानात. मेट्रनबाईंनी कपाटातून नव्या चादरी काढल्या. एरवी पेशंट रेक्झिनच्या उघड्या गादीला पाठ चिकटवून झोपायचे. आता चादरी घातल्या, आणि ज्यांना बसवता येत होतं त्यांना मागच्या व्हरांड्यात बाकांवर नेऊन बसवलं. चादरी चुरगळू नयेत म्हणून. पेशंटशिवाय वॉर्ड कसा छान दिसतो, तेव्हा कळलं.

बाकावर मोरिवलीचा एक कामगार होता. अंबरनाथ एमआयडीसीत कंपनीत केमिकल सांडून घोट्याखाली पाय सोललेला. रोज सकाळी ड्रेसिंग झालंच पाहिजे, पू वर चढला तर पाय कापावा लागेल, हे डॉक्टरांनी त्याच्या बायकोला माझ्यासमोर सांगितलेलं. दुपार झाली तरी त्याच्या पायाला कोणाचा हात लागला नव्हता. पट्टी पिवळी झालेली, माशा बसतायत, बायको पदराने वारतेय. मला बघून म्हणाली, “मामा, आमचा नंबर आज आहे का? का साहेबाच्याच पायाला पट्टी बांधायचीय?”

मी गेरूचा ब्रश टाकला आणि सिस्टरकडे गेलो. पोरगी नवी, मनाने चांगली.

“मामा, आज नको. साहेब जाऊ देत. मेट्रन मला खातील.”

“साहेब येणार कधी?”

“सकाळीच येणार होते.”

“घड्याळ तुमच्या हातात आहे, बघा की.”

ती घड्याळ न बघताच कपाट आवरायला लागली.

ट्रॉलीचं एक चाक कधीचं गेलेलं. मग एका बाजूने मी आणि एका बाजूने त्याची बायको, असं त्याला उचलून आत आणलं आणि त्याच्या पलंगावर, त्या नव्या चादरीवर निजवलं. मेट्रनबाई दारातूनच ओरडल्या, “मामा, डोकं ठिकाणावर आहे का? आत्ताच घातलीय ती चादर.”

“बाई, पलंग याचाच आहे.”

मी पट्टीवर सलाईन ओतायला लागलो. सुकलेली पट्टी ओढली की मांस सोबत येतं, आधी भिजवावीच लागते. पाणी खाली झिरपलं, चादर पिवळी झाली. सिस्टर ट्रे घेऊन आली. “भिजवलीत ना? आता तशीच ठेवू का? सरका तिकडे.” आणि तिने पाय हातात घेतला.

नेमके तेव्हाच साहेब आले, मागे आमचे मोठे डॉक्टर आणि सगळी वरात. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. विचारलं, “हे काम सकाळी का झालं नाही?”

मी म्हटलं, “सकाळपासून तुमची तयारी चालली होती साहेब.”

ते डॉक्टरांशी इंग्रजीत काहीतरी बोलले आणि चहाला गेले.

साहेबांची गाडी गेल्यावर डॉक्टरांनी मला बोलावलं. “मामा, साहेब सांगून गेलेत, इथे माणसं कमी नाहीत, आळशी आहेत. तुम्ही माफी मागा, मी विषय संपवतो.”

“कशाची माफी?”

“उलट बोललात. चादर खराब केलीत.”

“चादर मी धुऊन देतो. माफी नाही.”

“हट्टी आहात.”

“आहे.”

मला बदलापूरच्या दवाखान्यात टाकलं. घर इकडे अंबरनाथला बुवापाड्यात, जाऊन-येऊन नोकरी केली, एक दिवस खाडा नाही. त्या माणसाचा पाय वाचला, बोटं मात्र काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, ती आधीच गेली होती. मला ते आजही पटत नाही.

बदलीनंतर एकदा पगाराच्या कामाला जुन्या इस्पितळात गेलो तेव्हा तो अजून ॲडमिटच होता. माझ्या जागी कोणाला दिलं नव्हतं. त्याची बायको त्याला एकटीच काखेत धरून ड्रेसिंगच्या खोलीकडे ओढत नेत होती.