इझुमियाची हाक

नात्सुहोचा आवाज गावात फार थोड्या लोकांनी ऐकला होता, आणि त्यातल्या निम्म्यांनी तो ती जन्मली त्या दिवशी ऐकला होता. सोळा वर्षांची घोडी झाली तरी टोफू घ्यायला आली की बोट दाखवायची. एक बोट म्हणजे एक वडी, दोन बोटं म्हणजे दोन. टोफूवाली सावाए मुद्दाम विचारायची, "काय गं, बोटाची मालकीण आज घरीच राहिली वाटतं?" मग नात्सुहो कानापर्यंत लाल व्हायची आणि डबा छातीशी धरून पळ काढायची.

तिचे आजोबा तोकुजी म्हणजे मात्र गावाचा आवाज. दर शरदात देवळाच्या आवारातल्या जुन्या लाकडी रंगमंचावर गावकरी काबुकी, म्हणजे जुन्या वळणाचं नाटक, करतात. नट सगळे घरचेच. नायक म्हणजे सलूनवाला सेइकिची. शेवटच्या प्रवेशात तो एक पाय पुढे रोवतो, मान गर्रकन फिरवतो, डोळे तिरळे करतो आणि पुतळ्यासारखा थिजतो. साथीचे लाकडी ठोकळे कडाकड वाजून थांबतात. त्या शांततेत, नेमक्या क्षणी, प्रेक्षकांतून दाद म्हणून त्याच्या घराचं नाव यावं लागतं: "इझुमियाऽ!" जरा आधी आलं तर हशा, उशिरा आलं तर सगळं पाण्यात. चाळीस वर्षं ही हाक तोकुजींची. नात्सुहो लहानपणापासून त्यांना खेटून बसायची. हाकेच्या आधी त्यांचं बोट तिच्या गुडघ्यावर टप्पकन पडायचं. बोट, श्वास, हाक. तिला ते पाठ होतं, जशी इतरांना अंगाईगीतं पाठ असतात.

यंदा वसंतात तोकुजींच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ते पाटीवर लिहून बोलायचे, आणि शिव्यासुद्धा सुवाच्य अक्षरात द्यायचे.

हाकेची जागा रिकामी दिसताच सावाएचा नवरा गोरो छाती काढून पुढे आला. आवाज बैलाचा, पण घाई पाखराची. रंगीत तालमीत सेइकिचीनं नाक खाजवायला हात वर केला, आणि गोरो गरजला, "इझुमियाऽ!"

"माझ्या नाकाला दाद देतोस होय रे?" सेइकिची रंगमंचावरूनच ओरडला.

"मला वाटलं सुरू झालं!"

"लग्नातही याचं असंच," सावाए म्हणाली. "पुजाऱ्यानं खूण करायच्या आधीच शपथ वाचून मोकळा!"

सगळे हसले. तोकुजी हसले नाहीत. नात्सुहो त्यांच्या पाटीकडे बघत राहिली. तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

प्रयोगाला चार दिवस राहिले असताना ती केस कापायला गेली. सेइकिची तिच्या कानाशी कात्री चालवत सहज बोलावं तसं बोलला, "एकसष्ट झाली गं मला. डॉक्टर म्हणतात, गुडघ्याला आता विश्रांती. हा माझा शेवटचा खेळ. हाक तू दे."

तिनं मान हलवायला घेतली.

"अंहं, मान हलवू नकोस, कान जाईल. नाही म्हणायचं तर तोंडानं म्हण."

ते तर तिला जमणारच नव्हतं. आरशात ती नुसती पांढरी पडत गेली.

"मग ठरलं. तुझा आवाज येईपर्यंत मी पाय हलवायचा नाही."

घरी येऊन तिनं आजोबांपुढे सगळं कागदावर उतरवलं. तोकुजींनी लिहिलं, 'सेइकिची एक नंबरचा थापाड्या आहे.' मग ते पुसून पुन्हा लिहिलं, 'पण पाय हलवणार नाही.'

रविवारी दुपारी आवार चटयांनी भरलं. पानात गुंडाळलेला मासेभात, लोणची, साकेच्या बाटल्या, सगळी खाण्यापिण्याची चंगळ. शेवटचा प्रवेश आला. सेइकिचीनं पाय रोवला, मान फिरवली. ठोकळे कडाडले आणि थांबले.

नात्सुहो गुडघ्यावर बोट पडायची वाट बघत होती. पडलं नाही. तिनं वळून पाहिलं, तर आजोबांनी दोन्ही हात बाह्यांत खुपसून ठेवलेले.

नेहमीचा क्षण आला आणि गेला. पलीकडे गोरोनं छाती भरून श्वास घेतला. सलूनमधलं बोलणं गावात लपून राहत नाही; सावाएनं अख्खा भाताचा गोळा त्याच्या तोंडात कोंबला.

आता आवारात कोणी चावत नव्हतं, कोणी पंखा हलवत नव्हतं. सेइकिचीचा गुडघा थरथरू लागला. चेहऱ्यावरच्या पांढऱ्या रंगातून घामाची एक रेघ हनुवटीपर्यंत उतरली. पण डोळे! नात्सुहोनं जन्मभर त्या माणसाला केसांनी भरलेल्या एप्रनमध्ये पाहिलं होतं, आणि आता त्या रंगामागे सेइकिची काका कुठे उरलेच नव्हते. तिथे कोणीतरी प्रचंड, जुनं, डोंगरासारखं उभं होतं आणि तिच्यासाठी थांबलं होतं. क्षण गेलाच नव्हता. त्यानं तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

तिच्या छातीत श्वास आपोआप भरला. ती गुडघ्यांवर उठली.

"इझुमियाऽऽ!"

स्वर तोकुजींचाच, तीच ओढ, शेवटी तोच झटका. फक्त नवाकोरा, धार लावलेला. देवदारांवरचे कावळे उडाले. रंगमंचावर सेइकिचीचं मस्तक हलकेच वर गेलं, जणू त्या हाकेनं त्याला आणखी वीतभर उंच केलं. नव्वदीला टेकलेल्या म्हाताऱ्यांनी चटईवर हात टेकून माना लववल्या, देवापुढे लववतात तशा. मग कागदात गुंडाळलेल्या नाण्यांचा रंगमंचावर पाऊस पडला आणि गोरो तोंडात भात असतानाच रडू लागला.

तेव्हा कुठे नात्सुहोच्या गुडघ्यावर एक बोट टप्पकन पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टोफूच्या दुकानात आली. नेहमीसारखं एक बोट वर केलं. सावाएच्या जिभेवर टोमणा तयार होता, पण तो तिनं गिळला. वडी पाण्यातून अलगद उचलून डब्यात ठेवली, वर तळलेला एक तुकडा आपल्याकडून घातला, आणि डबा दोन्ही हातांनी पुढे केला.

"तळलेला नको, मावशी," नात्सुहो म्हणाली. "आजोबांना गिळता येत नाही."

सावाएनं तुकडा चिमट्यानं काढून घेतला. मुलगी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती चिमटा हातात धरून उभीच होती.